गाणं कपाटात, ठेका मोरीत

गाणं रेकॉर्ड करायला स्टुडिओ लागतो, ही स्टुडिओवाल्यांनी उठवलेली अफवा आहे! लागतं ते एक कपाट. तीन दारांचं असेल तर उत्तम. मधला कप्पा काढायचा, तिन्ही बाजूंना रजया ठोकायच्या, हँगरला मायक्रोफोन अडकवायचा, स्टुलावर बसायचं आणि दार आतून ओढून घ्यायचं. डाव्या गालाला बायकोचे कपडे, उजव्या गालाला आपले. सतरा वर्षांत या कपाटातून मी एकशे अकरा गाणी बाहेर काढली. ती ऐकायला कपाटाबाहेर कोण होतं, हा प्रश्न वेगळा.

कलेविषयी माझी मतं ठाम आहेत आणि मी ती कुणी न विचारताही सांगतो. निर्मिती एकांतात होते. जे खपतं ते गाणं नव्हे, तो माल. बाजार उद्या माझ्या दाराशी आला, तरी मी कडी काढणार नाही!

"आला होता का कधी?" असं बायको इथे नेमकं विचारते. पण मुद्दा तो नाही.

पोटासाठी मी वर्तमानपत्रात आहे. दुपारी तीनला जाऊन दुसऱ्यांच्या बातम्या कापतो, सांधतो आणि मथळे देतो. सकाळ मात्र संगीताची. पेशाने लावलेली सवय म्हणून मी घरातल्या आवाजांची एक नोंदवही ठेवली आहे. उदाहरणार्थ : ८.१० मिक्सर. ९.०५ वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवणे. १०.२० अण्णांचा खोकला, पाठोपाठ 'कोण आलंय?' ही विचारणा. कुणीही आलेलं नसताना. अण्णा म्हणजे माझे वडील. या सगळ्या आवाजांमधल्या फटी शोधून मी गातो.

फट न ठेवणारा शत्रू एकच होता. आमचं कपडे धुण्याचं मशीन! वय चौदा. मुक्काम मोरीत, म्हणजे माझ्या कपाटाच्या भिंतीपलीकडे. त्याचा एक पाय आखूड होता आणि खालचा रबर झिजलेला. कपडे पिळायला लागलं की ते लग्नाला नकार मिळालेल्या रेड्यासारखं थयथय नाचायचं. ढग-ढग! ढग-ढग! गेले आठ महिने मी रोज एकच तक्रार करत होतो.

"अगं, त्याला एकदा दुरुस्त तरी कर, नाहीतर मला तरी!"

"दोघांनाही जुनं झालं म्हणून कुणी हात लावत नाही हो," बायको म्हणायची.

माझं एकशे बारावं गाणं 'निःशब्द'. सुरुवात अशी : 'थांब जरासा, ऐक जरा...' सत्तेचाळीस वेळा गायलो. सत्तेचाळिसाव्या वेळी ते जमलं. एकोणिसाव्या वेळचं मात्र मशीनने पार धुऊन काढलं होतं. वहीत शेरा आहे : 'मंगळवार, ११.४२. मशीन सुरू. कपडे : चादरी दोन. टेक रद्द.'

आमची कन्या कॉलेजात आहे. तिने मला न विचारता तो रद्द टेकच इंटरनेटवर चढवला.

"अगं, सत्तेचाळिसावा चढवायचा ना!"

"बाबा, तो ऐकून झोप येते. याला ठेका आहे!"

मी आठवडाभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोललो. गाणं तेवीस जणांनी ऐकलं. त्यातले अकरा मी होतो.

आणि मग बुधवारी दुपारी ४.१५ वाजता, मी एका नगरसेवकाचं भाषण अर्ध्यावर आणत असताना, फोन वाजला. जाहिरात करणाऱ्या कंपनीतला माणूस होता.

"सर, 'निःशब्द' तुमचंच ना? काय ठेका आहे हो! ढग-ढग-ढुक! आम्ही महिनाभर हेच शोधतोय. तीन वादकांकडून वाजवून घेतलं, क्लायंट म्हणतो यात जीव नाही. तुमचं ऐकलं आणि उडीच मारली त्याने!"

बाजार दाराशी आला होता. कडी कधी काढली, ते मला कळलंसुद्धा नाही!

"गाणंही घेणार ना?" मी शक्य तेवढ्या बेफिकिरीने विचारलं.

"सुरुवातीचे शब्द तर हवेतच! जाहिरातीत अगदी चपखल बसतात. ते आमच्याकडे आहेत. फक्त ठेका वेगळा, स्वच्छ, तीस सेकंद सलग पाठवा. उद्या पाचच्या आत. वाजवतं कोण?"

"आमच्या घरातले एक जुने वादक आहेत."

"त्यांना इकडे आणता येईल?"

"ते जागा सोडत नाहीत. म्हणजे, सोडतात, पण मोरीच्या दारापर्यंतच."

"कलावंत असे लहरी असायचेच!" तो आदराने म्हणाला. "पण सर, तोच माणूस आणि तोच ठेका. इकडचं तिकडे नको."

सत्तावीस वर्षं मी नव्या बातमीदारांना दटावत आलोय : कोण, काय, कुठे, कधी, का, हे विचारल्याशिवाय फोन खाली ठेवायचा नाही. त्या दिवशी जाहिरात कशाची आहे, हे विचारायचं मी साफ विसरलो. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज कपाटाबाहेर, घराबाहेर जाणार होता. अनोळखी माणसं तो ऐकणार होती. डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी कपाटाच्या दाराशी हेडफोन लावून उभा राहिलो आणि कारण न सांगता फर्मावलं, "चादरी टाक, मशीन सुरू कर!"

बायकोने बटण दाबलं. मी कान टवकारले. काही नाही. आणखी टवकारले. मशीन पिळायला लागलं आणि वाचनालयातल्या पंख्यासारखा नुसता एक सभ्य सुस्कारा आला.

बायको दारात उभी होती. चेहऱ्यावर निकालाच्या दिवशीचा आनंद.

"ऐकू येतंय काही?"

"नाही!"

"हो ना? काल तुम्ही ऑफिसला गेलात आणि मी मशीनवाल्यांना बोलावलं. पाय नीट केला, रबर बदलला. आठ महिने तुमची कुरकुर ऐकतेय. म्हटलं, गाऊ दे बिचाऱ्याला निवांत. सांगणार नव्हते, तुम्हालाच कळेल म्हणून वाट बघत होते."

लग्नाला बावीस वर्षं झाली. माझ्या गाण्यासाठी तिने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. आणि मला ती उलटवायची होती, तीही पाचच्या आत!

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग दोन मिनिटं रागावली, मग फोन उचलला. "हॅलो, मशीनवाले काका? हो, मीच. नाही, छान चाललंय. म्हणून तर बोलावतेय."

मशीनवाले ११.२० ला आले. ठेंगणे, गंभीर, खिशाला नट आवळायचे दोन पाने. त्यांनी मशीन ऐकलं, झाकणावर हात ठेवला, डोळे मिटले.

"लोण्यासारखं चाललंय. तक्रार काय?"

"हीच," मी म्हणालो. "बिघडवून द्या."

त्यांनी डोळे उघडले. "साहेब, एकतीस वर्षं या धंद्यात आहे. माझ्या हातून मशीनं बिघडली असतील. पण मी बिघडवलं एकही नाही!"

"कलेसाठी, काका," कन्या म्हणाली.

"कलेने कुणाचं मशीन नीट झालंय?"

शेवटी बायकोने त्यांना बसवून चहा दिला आणि सांगितलं, "सतरा वर्षं कपाटात बसून गातात हो. पहिल्यांदा कुणीतरी मागितलंय." मशीनवाल्यांनी चहा संपवला. मग उठले आणि पिशवीतून तोच झिजलेला रबर काढला. "जुना माल आठ दिवस सांभाळतो. नाहीतर लोक म्हणतात, बदललाच नाही."

१२.०५ ला रबर जुना झाला, पाय आखूड झाला, चादरी दोन आत पडल्या. मशीन नाचलं.

ढग-ढग. ढग-ढग.

"ढुक कुठंय?" मी ओरडलो.

ढुक नव्हता! पाय आणखी आखूड केला. ढग-ढग. खाली वीट लावली, काढली. ढग-ढग. मशीनवाल्यांना आता ईर्षा चढली होती. दुरुस्त करणाऱ्या हाताला नीट बिघडवता येऊ नये, हे त्यांना झोंबलं. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी ऑफिसला फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. ३.१० वाजले तरी ढुक बेपत्ता!

मग माझ्यातला पत्रकार जागा झाला. मी सगळ्यांना मोरीसमोर उभं केलं आणि वही उघडली.

"त्या मंगळवारी ११.४२ ला मशीनमध्ये चादरी दोन होत्या. आणखी काय होतं?"

"काही नाही," बायको म्हणाली.

"मी कॉलेजात," कन्या म्हणाली.

अण्णा छताकडे बघत होते.

"अण्णा?"

"कोण आलंय?" अण्णा म्हणाले.

"कुणी आलेलं नाही. मशीनमध्ये काय टाकलं होतं?"

अण्णांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग मशीनवाल्यांकडे, जणू त्यांनी वकीलपत्र घ्यावं. "एक... बूट."

"बूट?" बायकोचा आवाज वरच्या खुर्चीपर्यंत गेला. "माझ्या पांढऱ्या चादरींबरोबर? अण्णा, किती वेळा सांगितलंय, बूट मशीनमध्ये टाकायचे नाहीत!"

"बूट टाकायचे नाहीत, असं सांगितलंस. मी एकच टाकला. दुसरा चिखलात गेलाच नव्हता."

"तरीच म्हटलं, चादरीला तो डाग कसला! मी पावडर बदलली हो!"

"भांडण नंतर!" मी म्हणालो. "बूट आणा!"

अण्णांनी घाईत उजवा आणला. ढग-ढग-ढप. "ढप नको, ढुक हवा!" मग डावा आणला. अण्णा चालताना डाव्या टाचेवर जोर देतात. त्यामुळे ती टाच एका बाजूने झिजलेली. झाकण लावलं, मशीन फिरलं, आणि...

ढग-ढग-ढुक!

मशीनवाल्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली. कन्येने मायक्रोफोन धरला, बायकोने दार, मशीनवाल्यांनी पळू बघणारं मशीन. अण्णा बोटाने समेवर इशारा देत होते, जणू बुटाला त्यांच्याशिवाय सम सापडणार नव्हती. पहिला टेक 'कोण आलंय?' मुळे गेला. दुसरा निर्मळ. ४.३१ ला फाइल गेली. ४.५२ ला उत्तर आलं : 'अप्रतिम! वादकांना आमचा नमस्कार सांगा.' अण्णांनी तो स्वीकारला.

जाहिरात तीन आठवड्यांनी टीव्हीवर येणार होती, सायंकाळी ७.५८ ला, बातम्यांच्या तोंडावर. मी सुट्टी काढली. मशीनवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले. अण्णा बूट घालून बसले, दोन्ही. आता मी जरा नरमाईने बोलू लागलो होतो. यश मिळालं म्हणजे कला बाटतेच असं नाही, वगैरे. "गप्प बसा, लागली!" बायको म्हणाली.

पडद्यावर एक घर. कोपऱ्यात एक जुनाट मशीन. ढग-ढग-ढुक! भांडी पडतात, बाळ रडतं, घरातली बाई कानांवर हात ठेवते. त्या गदारोळात दुरून एक पुरुषी आवाज येतो : "थांब जरासा, ऐक जरा..." माझा! कपाटाबाहेरचा माझा आवाज! बाई संतापून मशीनचं बटण बंद करते. ढुक बंद, मी बंद. मग शांतता. पांढरं, चकचकीत नवं मशीन. बाळ झोपलंय. एक ओळ उमटते : 'पुरे झाला तो छळ. आता मशीन, जे आवाजच करत नाही.'

बायकोने माझा हात धरला.

"पण शब्द स्पष्ट होते हो तुमचे," ती म्हणाली. खरंच होते.

"बाबा, तुमचं चार सेकंद आणि मशीनचं अकरा!" कन्या म्हणाली.

"ढुक अगदी खणखणीत आला," अण्णा म्हणाले.

"पाय मीच आखूड केला होता," मशीनवाले म्हणाले आणि शर्टाची कॉलर नीट केली.

कंपनीने मोबदल्याबरोबर एक नवं मशीनही पाठवलं. जुनं मशीनवाले घेऊन गेले. जाहिरातीत एक अक्षरही खोटं नव्हतं. नवं मशीन खरोखरच आवाज करत नाही. आता सकाळी घरात इतकी शांतता असते, की मी कपाटाचं दार ओढून घेतलं तरी माझं एकशे तेरावं गाणं पार स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू जातं.

बायकोने परवा मशीनवाल्यांना फोन केला. जुनं मशीन अजून विकलं नसेल तर परत आणून द्याल का, असं विचारत होती. रबर मात्र बदलू नका म्हणाली.