जिताडा सापडत नाही

मस्कतहून आलेली ईमेल प्रविणने जगनकाकांना वाचून दाखवली आणि लगेच पस्तावला. ‘तुमच्या वेबसाइटवर जिताड्याचं कालवण तीनदा शोधलं, मिळालं नाही. ती शोधायची चौकट नुसती शोभेला आहे का? – निलेश, मूळ गाव खांब.’

“मंग बंदच कर ती वेबसाइट,” काका म्हणाले. “सापडत नाय तर लिवायचं कुनासाठी?”

साल होतं १९९९. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले काका रोज एक टिपण लिहून पेणला प्रविणच्या कॉम्प्युटर क्लासवर आणून द्यायचे. खाडी, मिठागरं, मासे, माणसं, काहीही. प्रविण ते मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप करून वेबसाइटवर चढवायचा. असल्या लिखाणाला पुढे ब्लॉग म्हणू लागले. पेणमध्ये तेव्हा त्याला ‘काकांची वही’ म्हणत.

चूक प्रविणची होती. जिताडा मासा त्याने तीन ठिकाणी तीन स्पेलिंगांनी टाइप केला होता, आणि निलेशने शोधला चौथ्याच. प्रविणने आठवडाभर खपून स्पेलिंगमधले स्वर सोडून शोधणारा प्रोग्राम लिहिला. आता ‘पेण’ शोधलं की ‘पाणी’, ‘पान’ आणि ‘पण’ असलेली सगळी टिपणं बाहेर यायची. काकांचं एकही टिपण ‘पण’शिवाय पुरं होत नसे.

हरल्या मनाने तो काकांच्या घरी माफी मागायला गेला. धोंडुबाईकाकू तांदूळ निवडत होत्या.

“जिताड्याचं ना? धरमतरच्या खाडीत मचवा रुतला, त्या टिपनात हाय. गेल्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशीचं.”

प्रविणने भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख पाहिली आणि क्लासवर जाऊन ते टिपण उघडलं. जिताडा तिथेच होता.

त्या दिवसापासून चौकटीत कोणी काही लिहिलं की ते प्रविणला ईमेलने येऊ लागलं. स्क्रीनवर दिसायचं, ‘शोध सुरू आहे. उत्तर दुपारपर्यंत मिळेल.’ प्रविण सायकल काढून काकूंकडे जायचा. कुणी विचारलं, ‘टोपी वाचवायला खाडीत उडी मारणारा माणूस’, तर काकू मान वर न करता सांगत, “मोरूचा सासरा. होळीच्या आदल्या दिवशीचं.” एकदाही चुकल्या नाहीत. दुबईहून, पुण्याहून शाबासकी येऊ लागली आणि प्रश्न दिवसाला तीसवर गेले. काका-काकू रोह्याला काकूंच्या बहिणीकडे, नंदाकडे, राहायला गेले, तेव्हा प्रविणला प्रश्नांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन एसटीने रोहा गाठावं लागणार होतं.

नेमका त्याच दिवशी निलेश सुट्टीवर आला आणि थेट क्लासवर हजर झाला. तो मस्कतला कॉम्प्युटरमध्येच होता.

“काय प्रोग्राम लिहिलाय हो! आमच्या कंपनीत असला नाही. कुठल्या मशीनवर चालतो?”

“रोह्याला आहे,” प्रविण कसाबसा म्हणाला. “चला.”

नंदाच्या पडवीत काकू वाल सोलत बसल्या होत्या. जगनकाका बाजूला पेपर वाचत होते. निलेशने आधी आत डोकावून मशीन शोधलं. मग प्रविणने काकूंना चिठ्ठ्या वाचून दाखवायला सुरुवात केली, आणि निलेश मशीन शोधायचं सोडून काकूंसमोर बसला. तिसावा प्रश्न संपल्यावर त्याने हातच जोडले.

“काकू, काकांनी लिहिलेलं इतकं तुमच्या लक्षात राहतं तरी कसं?”

“त्यांनी लिवलेलं?” काकू हसल्या. “अरे, रातीला जेवताना मी सांगते, सकाळी हे लिवतात. माजंच बोलनं मी इसरंन व्हय?”

काकांनी पेपर जरा वर धरला.

दुसऱ्या दिवशी काका रोह्याहून थेट क्लासवर आले, ते टिपणाशिवाय.

“परविन, वर नाव हाय ना माजं, ते काढ. धोंडुबाई लिव. मोठ्या अक्षरात.”

“आणि तुमचं?”

काकांनी बराच विचार केला.

“खाली टाक, बारीक. कारकून म्हनून.”