भैरवटेंकावरील तारेची बखर

श्रीकुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून, जैसें घडलें तैसें लिहिलें, पदरचें घातलें नाहीं. शके अठराशें सहासष्ट, तारण नाम संवत्सर, ते समयीं नदीपलीकडील भैरवटेंक शत्रूनें बळकाविला होता, तो घ्यावा ऐसी श्रीमंतांची आज्ञा जाहली. तेव्हां सरदार रायाजीराव निवडक लोक घेऊन टेंक चढले, आणि मागाहून सुभानजी भापकर व जानोजी कोळपे हे दोघे तारकरी तार सोडीत चढले, कीं वर बोललेला शब्द नदीअलीकडील आपल्या तोफखान्यास तत्क्षणीं ऐकूं जावा. तोफा माथ्यावर मारा करीत होत्या. माथा हातीं येतांच तारेवरून सांगून मारा थांबवावा, ऐसा बेत होता. मग माथा अपेक्षेआधींच हातीं आला, आणि सुभानजींनीं यंत्र कानास लाविलें तों आंत कांहींच आवाज नाहीं. तार तुटली होती, आणि आपलेच गोळे आपल्याच लोकांत पडूं लागले.

रायाजीराव ओरडले, "सुभानजी, तार जोडा! नाहीं तर इथें कोणी उरत नाहीं!"

मग दोघे तार मुठींत धरून उतारावरून सरपटत निघाले, आणि डावे बाजूचे झाडींतून शत्रूच्या बंदुका सुटूं लागल्या. एक टोंक सांपडलें, दुसरें दिसेना, म्हणून जानोजी गुडघ्यांवर उठले, त्यांनीं तें धरिलें, आणि तोंच गोळी मांडींत बसली. रक्त उसळलें. सुभानजींनीं दोन्ही हातांनीं जखम दाबून धरिली.

जानोजी म्हणाले, "माझें राहूं द्या. तार आधीं."

"गप पडा. रक्त थांबूं द्या."

"वर आपले लोक मरताहेत, सुभानजी. तार आधीं."

इतकीं वर्षें दोघे एका ताटांत जेवले होते, सुभानजींचा हात निघेना. मग काढिला. टोंकें दातांनीं सोललीं, तों रक्तानें बोटें निसरडीं, पीळ बसेना, हात मातींत घासले, पुन्हा पीळ दिला, जवळील यंत्र लाविलें आणि ओरडले, "मारा थांबवा! माथा आपला आहे!" पलीकडून "कोण बोलतो?" ऐसें आलें. "तुमचा बाप बोलतो! थांबवा!" आणि तोफा थांबल्या. सुभानजी वळले तों जानोजींचे डोळे उघडे होते, श्वास नव्हता.

पुढें श्रीमंतांनीं दरबार भरवून दोघांसही शौर्यपदकें दिलीं. जानोजींचें पदक त्यांच्या कुटुंबानें, रंगूबाईंनीं, घेतलें. सुभानजींच्यानें मान वर करवेना. बाईंनीं पुसिलें, "शेवटीं काय बोलले?"

"तार आधीं, म्हणाले."

बाई म्हणाल्या, "घरींही तैसेंच होतें. आधीं काम, मग आम्ही." आणि सुभानजींचा हात धरून म्हणाल्या, "तुम्हीं ऐकिलेंत, बरें केलेंत."

येणेंप्रमाणें भैरवटेंकाची हकीकत जाहली. माथा राहिला, वरचे लोक वांचले, जानोजी गेले.