बिसेरामावशीच्या तीन चौकटी

'ही शाई अस्सल नाही. तरीही पुढे जायचं?'

प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर हे वाक्य पुन्हा उमटलं तेव्हा सावो भडकला. "सांगतोय ना पुढे जा म्हणून," तो यंत्राला म्हणाला. "घर माझं, कागद माझा, मावशी माझ्या बायकोची. तुझं काय जातंय?" आणि त्यानं 'हो'चं बटण असं दाबलं की टेबल हललं.

सावोचं आणि त्या प्रिंटरचं जुनं वैर होतं. प्रिंटर स्वस्तात मिळाला होता, पण कंपनीची शाई घ्यायला गेलं की नाकापेक्षा मोती जड व्हायचा. मिठाच्या कारखान्यात आयुष्यभर फोरमन राहिलेला माणूस असा सुखासुखी लुटला जाणार नव्हता. मोबाइलची कव्हरं आणि लोकरीचे मोजे एकाच फळीवर मांडून बसणाऱ्या एका बाजारवाल्याकडून त्यानं कार्ट्रिजचा संच आणला होता. "अस्सलच्या तोंडात मारेल," असं तो बाजारवाला म्हणाला होता. सावोला ते वाक्य फार आवडलं होतं.

एरवी या शाईवर वीजबिलाच्या तक्रारी छापल्या जायच्या, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. आज मात्र बिसेरामावशीचं शोकपत्रक छापायचं होतं. मावशी आदल्या दिवशी पहाटे झोपेतच गेली होती आणि उद्या, शनिवारी दुपारी, तिला मूठमाती द्यायची होती. आई लवकर गेल्यावर नेवेंकाला याच मावशीनं वाढवलं होतं.

"दफनवाल्याच्या दुकानात छापून घेऊ या ना," नेवेंका सकाळीच म्हणाली होती. "तिच्या बाबतीत चिक्कूपणा नको, सावो."

"चिक्कूपणा कसला? ते लोक आडनावात चुका करतात. घरचं काम ते घरचं काम."

नेवेंका वाद घालण्याच्या अवस्थेत नव्हती. ती खिडकीशी बसून म्हणाली, "मावशी शेवटी शेवटी एकच विचारायची. माझ्या मागे चार माणसं तरी येतील का गं? तिच्या वयाचं कुणी उरलं नाही. भाचे-पुतणे सगळे स्वीडनात नाही तर ऑस्ट्रियात. मी म्हणायचे, येतील गं. तेवढं खोटं पडू नये बघ."

"पडणार नाही," सावो म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं.

बोस्नियातल्या या तुझ्ला गावात माणूस गेल्याची बातमी आधी झाडांना कळते. बसथांबा, बेकरीची भिंत, दवाखान्याचं फाटक, इमारतीचा दरवाजा, जिथे जागा दिसेल तिथे पत्रक लागतं. मृताचा फोटो, खाली नाव, वेळ, जागा, आणि भोवती चौकट. हिरवी चौकट म्हणजे माणूस मशिदीकडचा, काळी म्हणजे चर्चकडचा, आणि ज्यानं देवाशी आयुष्यभर दुरूनच रामराम ठेवला त्याला निळी. नाव वाचायला लोक नंतर जवळ येतात. चौकट मात्र रस्त्याच्या पलीकडूनच वाचतात, आणि कुठल्या दफनाला जायचं ते बरेचदा तिथूनच ठरवतात.

पहिला कागद झकास आला. काळीभोर चौकट, वर क्रूस, मधे डोक्याला रुमाल बांधून हसणारी मावशी, आणि खाली ठसठशीत 'बिसेरा हाजिच'. सावोनं तो नेवेंकापुढे धरला. तिनं त्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. "चांगलं केलंस," ती म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य सावोच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं. तो फुशारला, यंत्राला उरलेल्या प्रती छापायला लावून आत कॉफी प्यायला गेला आणि परत येऊन, पहिला कागद वर ठेवून, सगळा गठ्ठा काखोटीला मारून निघाला. दिवेलागणीच्या अंधारात त्यानं गावभर पत्रकं चिकटवली. त्या वेळी काळं, हिरवं सगळं सारखंच दिसतं.

शनिवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात तळमजल्यावरचा फिक्रेत उभा होता. डोक्यावर ठेवणीतली टोपी, डोळे ओले.

"सावो," तो म्हणाला, "निदान मला तरी सांगायचंस रे."

"सांगणारच होतो, फिक्रेतदादा. पत्रक लावलं ना म्हणून—"

"मरणाचं नाही म्हणत मी. ते दुसरं." फिक्रेतनं सावोचा हात दोन्ही हातांत घेतला. "कधी केलं मावशीनं? इतकी वर्षं आमच्याकडे ईदला बकलावा खायची, पण बोलली नाही कधी. माझ्या हलिमाला रडू आवरेना. म्हणाली, बाई मनातून आपली होती आणि आपल्याला पत्ता नाही."

सावोला काही कळेना. तो सपाता घालून तसाच खाली गेला. इमारतीच्या दारावर कोवळं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात बिसेरामावशी हिरव्यागार चौकटीतून हसत होती.

झालं होतं ते असं. पहिल्या कागदानंतर काळ्या कार्ट्रिजनं मान टाकली होती. मग प्रिंटरनं आपल्या अकलेनं उरलेले तीन रंग मिसळून काळा करायला घेतला. त्यातला गुलाबी तुंबला, उरले निळा आणि पिवळा. निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं ते बालवाडीतलं पोरही सांगेल. बरं, तुंबलेल्या शाईनं कागदावर एक कोरी रेघही सोडली होती, ती नेमकी क्रूसाच्या आडव्या काडीवरून गेली होती. उरली नुसती उभी काडी. रुमाल बांधलेल्या बाईच्या डोक्यावर, हिरव्या चौकटीत, ती काडी मिनारासारखी दिसत होती. आणि हाजिच आडनाव तर मशिदीकडेही सापडतं, चर्चकडेही. बिसेरा नावाचंही तेच.

"फिक्रेतदादा," सावो घसा खाकरून म्हणाला, "ही शाई आहे."

"कसली शाई?"

"स्वस्तातली."

फिक्रेतनं पत्रक निरखलं, नख लावून चौकट खरवडली, नख निरखलं. सावोला वाटलं, आता हा माणूस आयुष्यभर आपल्याशी बोलणार नाही.

"मी आमच्या इमाम होजांना सांगून आलोय," फिक्रेत शेवटी म्हणाला. "मशिदीत सगळ्यांच्या कानावर गेलंय. हलिमानं शेजारणींना जमवून हलवा भाजलाय."

"मग आता?"

"आता काय? भाजलेला हलवा परत पीठ होतो का?" एवढं बोलून तो आपल्या घरात शिरला. तो रागावला की काय, ते सावोला कळलं नाही.

नेवेंका वर घरात काळा पोशाख इस्त्री करत होती. तिला सांगायची सावोची छाती झाली नाही. त्यानं शाईच्या दुकानाला फोन लावला. अस्सल कार्ट्रिज सोमवारी येईल, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्यानं खोलीचं दार लावून घेतलं, यंत्र उघडलं, गुलाबी कार्ट्रिज गरम पाण्यात बुडवून पाहिली, कापसानं पुसून पाहिली. 'ही शाई अस्सल नाही,' यंत्र म्हणालं. "माहितीये रे बाबा," सावो म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात जोर नव्हता.

कागद बाहेर आला तो निळा. पिवळाही संपला होता.

सावो त्या कागदाकडे बघत बसला. मग त्याच्यातला फोरमन जागा झाला. हिरव्याचा अर्थ चुकीचा होतो, हे खरं. पण निळा म्हणजे कुणाचाच नाही, आणि जो कुणाचाच नाही त्यावर कोण भांडणार? त्यानं निळा गठ्ठा उचलला आणि हिरव्या पत्रकांवर चिकटवत सुटला. बेकरीपर्यंत पोचला आणि डिंक संपला. दवाखान्याकडची आणि बाजाराकडची पत्रकं हिरवीच राहिली.

तो घरी पोचतो तोच फोन वाजला. मीठ कारखान्याच्या पेन्शनरांचा अध्यक्ष योझो बोलत होता. हा माणूस अजून सगळ्यांना कॉम्रेड म्हणे.

"कॉम्रेड सावो, निळी चौकट बघितली. मन भरून आलं. तरुणपणी आमच्या श्रमदानाच्या तुकडीत रेल्वेचा रूळ टाकताना बिसेराच गाणं सांगायची. मला वाटायचं पाद्र्यांनी फितवलं तिला. पण नाही, शेवटपर्यंत आपलीच राहिली."

"योझोकाका, त्याचं असं आहे—"

"काही बोलू नकोस. आम्ही झेंडा घेऊन येतो. बँडही आणतो."

"बँड?"

"म्हणजे एक कर्णा आणि एक ढोल. बाकीचे वारले."

सावोनं फोन ठेवला. तो पुन्हा वाजला. आता पाद्री होते.

"सावो," ते शांतपणे म्हणाले, "दवाखान्यापाशी एक बिसेरा हाजिच वारलीये, ती मुसलमान. बेकरीपाशी दुसरी वारलीये, ती नास्तिक. तिसरीचं दफन दोन वाजता माझ्याकडे आहे. नेवेंकाला मावश्या किती होत्या?"

"एकच, फादर."

"मग माझ्या चर्चची माणसं मला का फोन करतायत? निम्मी म्हणतात, आमची बिसेरा कुणी पळवली ते बघायला येतो. निम्मी नुसतं बघायलाच येणार आहेत."

सावो मटकन खुर्चीत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन वाजता थडग्यापाशी होजा येणार, पाद्री येणार, झेंडा येणार, कर्णा येणार आणि मावशीवरून रणकंदन माजणार. त्यात नेवेंका मधोमध उभी असणार. भांडण नाही झालं, तर सगळे फसवलं म्हणून पाठ फिरवतील आणि थडग्यापाशी दोघंच उरतील. आणि मावशी ज्याला भ्यायली तेच होईल, तेही आपल्या हातून.

दफनभूमीकडे जाताना नेवेंकानं ते बघितलंच. बेकरीच्या भिंतीवर निळी मावशी, पलीकडे दवाखान्याच्या फाटकावर हिरवी. ती दोन्हींच्या मधे उभी राहिली. सावोनं सगळं सांगून टाकलं, डिंकासकट.

नेवेंका ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "एक दिवस, सावो. या एका दिवसापुरती खरी शाई घालायची होतीस." आणि ती पुढे चालू लागली. सावो मागून चालत राहिला. त्याला आपल्या तळहातांची लाज वाटत होती, एकावर हिरवे डाग होते आणि दुसऱ्यावर निळे.

दफनभूमी गावात सगळ्यांची मिळून एकच, आत वाफे तेवढे वेगळे. फाटकाशी पोचले आणि नेवेंका थबकली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. डावीकडे ठेवणीतल्या टोप्या घालून फिक्रेत आणि मशिदीकडची माणसं, त्यांच्या मागे हलव्याची ताटं धरलेल्या बायका. उजवीकडे योझोचा लाल झेंडा आणि त्याखाली काठ्या टेकत उभे असलेले पेन्शनर. मधे पाद्र्यांची माणसं, हातात मेणबत्त्या आणि डोळ्यांत संशय.

कुणीतरी तोंड उघडणार, तेवढ्यात फिक्रेत पुढे आला.

"नेवेंका," तो म्हणाला, "शाईचं मला सकाळीच कळलं. मी होजांना सांगितलं, बाकीच्यांनाही सांगितलं. ज्याला परत जायचं त्यानं जावं म्हटलं." त्यानं मागे वळून पाहिलं. "होजा म्हणाले, रंगासाठी निघालो होतो, आता शेजारणीसाठी जाऊ. माझ्या तिन्ही पोरांचे मोजे तिनंच विणलेत गं."

"आमच्या झेंड्याचं काय?" योझो कुरकुरला. "ती आपली होती की नव्हती?"

"रूळ टाकताना गाणं सांगायची ना?" पाद्री म्हणाले. "मग तुमचीच. प्रार्थना माझी होऊ दे, मग कर्णा वाजवा. पण एकच गाणं."

कर्णेवाल्यानं दोन वाजवली. ढोलवाल्याचा ताल चुकला, कारण तो रडत होता. मशिदीकडच्या माणसांनी ओंजळी उघडून मनातल्या मनात आपलं म्हटलं. मग चर्चच्या रिवाजाचा उकडलेला गहू, हलवा आणि प्लमची दारू अशी पंगत झाली आणि प्रत्येकाकडे मावशीची एकेक गोष्ट निघाली. कुणाला तिनं सायकल शिकवली होती, कुणाला थोबाडीत मारली होती. थोबाडीत खाल्लेला म्हातारा ती गोष्ट सगळ्यांत अभिमानानं सांगत होता. नेवेंका एका घोळक्यातून दुसऱ्या घोळक्यात जात होती, रडत होती आणि हसतही होती. सावोजवळून जाताना तिनं त्याचा निळा तळहात क्षणभर दाबला.

निघताना फिक्रेतनं त्याला बाजूला घेतलं. "माझी वेळ आली की तूच छाप," तो म्हणाला. "काळी चौकट कर. म्हणजे तुमचीही माणसं येतील."

मावशीच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना जवळ आली, तिचंही पत्रक लावतात. सावोनं आपणहून कंपनीची अस्सल शाई आणली, दुकानात हूं की चूं न करता. कागद आला तो बघत राहावा असा. चौकट काळीकुळकुळीत, क्रूसाच्या दोन्ही काड्या जागेवर. प्रिंटरनं एक शब्द काढला नाही. सावोनं कागद नेवेंकापुढे धरला.

ती पुष्कळ वेळ बघत राहिली. "सुरेख आहे," ती म्हणाली.

"मग लावून येऊ?"

"लाव की. चारच माणसं येतील." तिनं कागद खाली ठेवला. "ती बाजारातली शाई फेकलीस?"

सावोनं फेकली नव्हती. त्यानं आजवर काहीच फेकलं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं खालचा खण उघडला, पिशवीत गुंडाळलेल्या कार्ट्रिज काढल्या आणि एकेक करून यंत्रात बसवल्या. यंत्र घरघरलं, जरा थांबलं आणि पडद्यावर तेच वाक्य आलं.

'ही शाई अस्सल नाही. तरीही पुढे जायचं?'

सावोनं बोट पुढे केलं. नेवेंकानं ते बाजूला सारलं आणि बटण स्वतः दाबलं.