ताटामागे दोन रुपये

मुलांना पैशाची किंमत घरातच शिकवावी, असं रघुवीर आंगणेचं मत झालं. आणि रघुवीरचं एकदा मत झालं की ते बदलायची ब्रह्मदेवाचीसुद्धा बिशाद नव्हती!

"उद्यापासून घरकामाला पैसे," त्याने जेवताना जाहीर केलं. "ताट उचललं, दोन रुपये. केर काढला, दहा. कामवाल्या बाईंना महिनाभर सुट्टी. बघच कशी शिस्त लागते!"

आमटी वाढता वाढता सुचित्राचा हात थांबला. "स्वतःचं उष्टं ताट उचलायचे पैसे? अहो, बाहेर बोंब होईल."

"बाहेर कळतंय कोणाला? चाळ होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आता टॉवर आहे, दारं बंद असतात."

इथेच गडी फसला! लालबागच्या चाळीचा बावीस मजली टॉवर झाला खरा, पण माणसं तीच. दारं बंद झाली म्हणून कान थोडेच बंद होतात?

आणि मुहूर्त तरी काय निवडावा! रविवारी सोसायटीच्या सभेत खजिनदार निवडायचा होता. त्या पदासाठी रघुवीर कधीपासून गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. लिफ्टमध्ये लोकांनी "या खजिनदार" म्हणावं, एवढं ऐकलं की तो सुखाने डोळे मिटायला मोकळा होता.

पहिले काही दिवस घर लखलखलं. आठवीतला अनिश झाडू घेऊन बापाच्या पायांखालूनसुद्धा केर काढायचा. पाचवीतली रुचा तर शेवटचा घास तोंडात जायच्या आत समोरचं ताट पळवायची! मग घरातली कामं संपली. धंदा वाढवायचा तर बाहेर पडायला नको?

शेजारच्या आनंदीबाईंनी नेहमीसारखी हाक मारली, "रुचा बाय, खालसून कोथिंबीर आणून देतंस?"

"देते की आजी. पाच रुपये होतील."

"पाच रुपये? कशाक गो?"

"कामाचे. दादा घरात केर काढतो, त्याचे दहा घेतो. तुमचाही काढेल."

"आणि तुमची बाई खंय गेली?"

"तिला बाबांनी घरी बसवलं. आता आम्हीच कमावतो."

खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही! पण आनंदीबाईंनी कोथिंबिरीचा नाद सोडला आणि पदर खोचून थेट लिफ्ट गाठली.

संध्याकाळपासून आंगण्यांच्या दाराशी रीघ लागली. कोणी तांदळाची पिशवी आणली, कोणी सुक्या बांगड्यांचा पुडा. वरच्या मजल्यावरचा अमित रघुवीरचा हात दाबून म्हणाला, "काही लागलं तर सांग हां. लाजू नकोस."

रघुवीरची छाती फुगली. "बघितलंस, सुचित्रा? याला म्हणतात जनतेचं प्रेम! निवडून आलोच समज."

रविवारी तो इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या रांगेत बसला. अध्यक्ष भिवाकाका, जन्म गिरणीत घालवलेला माणूस, खाकरून उभे राहिले.

"खजिनदार हितेंद्राक करूया. रघू, वायट वाटून घेव नको. असल्या दिवसांत माणसाच्या हातात दुसऱ्याचे पैसे देव नयेत."

"कसले दिवस?"

"तुझी नोकरी गेली, ता आमका कळला. पोरांका कामाक लावलंस. काळीज तुटला रे!"

रघुवीर ताडकन उठला. "नोकरी शाबूत आहे माझी! पगारसुद्धा झालाय. हे बघा खातं!" आणि त्याने मोबाइल उघडून काकांच्या नाकासमोर धरला.

घराचा हप्ता, मुलांच्या फिया, फ्रिजचा हप्ता. सगळं त्याच सकाळी कापून गेलं होतं, हे बिचाऱ्याच्या ध्यानातच नव्हतं! काकांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचलं, "चारशे बारा रुपये."

आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"अहो, गैरसमज होतोय! पोरांना मी हौसेने..."

"बघलात? केवढो स्वाभिमानी माणूस!" काका गहिवरले. "पाण्याच्या पंपाचा काम रघूक देवया. सकाळी साडेपाचाक चालू करूचो, टाकी भरली की बंद. महिन्याक तीन हजार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रघुवीर 'नाही' म्हणायला तोंड उघडतो न उघडतो, तोच मागून सुचित्राचा खणखणीत आवाज आला, "करतील ते!"

घरी आल्याबरोबर तिने दुसरा हुकूम सोडला. पोरांचा पगार आजपासून बंद. ताट उचलायचं ते आपलं घर म्हणून, आणि पुन्हा कोणी कामाचे पैसे मागितले तर गाठ तिच्याशी!

दोन दिवस रघुवीर पहाटे उठला. तिसऱ्या दिवशी गजर वाजला तेव्हा अंगात उठायचं त्राण नव्हतं. त्याने अनिशला हळूच हलवलं. "बाळा, पंप चालू करून येतोस? पन्नास देतो."

अनिशने पांघरुणातून नाक बाहेर काढलं. "नको बाबा. आईला कळलं तर मारेल."

"मग आपलं घर म्हणून जा."

"घराचं काम असतं तर गेलो असतो," अनिश म्हणाला, "पण ही तुमची नोकरी आहे ना!" आणि कूस बदलून घोरायला लागला.