तुंबा ज्याच्या हाती

माणसाचं दुःख एका खोलीत मावत नाही, हे आता शास्त्रानेही मान्य केलं आहे. म्हणून ब्यूनोस आयरेसमधल्या आमच्या दवाखान्याने मनाच्या रुग्णांना दोन खोल्या दिल्या. मंगळवारी एकट्याने डॉक्टरांपुढे रडायचं, गुरुवारी तेच आम्हा सात जणांत. यास संयुक्त उपचार म्हणतात. (दुःख निम्मं होतं असं नाही, हजेरी दुप्पट होते.)

नियम मोजकेच. मंगळवारी डॉक्टर फेरारोबाई म्हणतात, "हे गटात मांडा." गुरुवारी त्या काहीच म्हणत नाहीत. गटात येर्बा नावाच्या पाल्याच्या कडू काढ्याचा तुंबा फिरतो. ज्याच्या हाती तुंबा, त्यानेच बोलायचं. हा नियम कुणी केला कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तो बदलताही येत नाही.

रुबेन हा निवृत्त बसचालक. त्याला पित्ताचा त्रास. पहिल्याच गुरुवारी त्याने तुंबा न पिता पुढे सरकवला आणि "आभारी आहे" म्हणाला. आमच्यात काढ्याबद्दल आभार मानले की माणसाला पुढच्या फेऱ्यांतून वगळतात. गटाने त्याच्या इच्छेचा आठ महिने आदर केला. नोंद अशी: हजेरी शंभर टक्के, उच्चारलेले शब्द दोन.

त्याचं दुःख तसं लहानसंच. भांडण होऊन लेकीशी चार वर्षं अबोला, आणि ती येत्या शुक्रवारी कायमची स्पेनला निघालेली. फोन करायचा धीर होईना. हे त्याने मला त्याआधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर सांगितलं. (बाक उपचारांत मोडत नाही.) मी कुणाच्या संसारात तोंड घालत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली. नववा दिवस शनिवारी येत होता, पण व्रताची घाई करू नये.

शेवटच्या गुरुवारी रुबेनने स्वतःहून तुंबा घेतला, प्यायला, तोंड वाकडं केलं.

"लेक उद्या चालली. फोन करू का नको? सांगा की कुणीतरी."

"अगं बाई, रुबेन! बोललास की रे!" गटातली नोर्मा ओरडली. टाळ्या पडल्या. मग त्याच्या बोलण्याने कुणाला काय काय वाटलं, यावर चाळीस मिनिटं फार मोलाची चर्चा झाली. नोर्माला तिचे वडील आठवले, ती रडलीसुद्धा.

"पण फोनचं काय?" रुबेन म्हणाला.

"बाबा रे, हे खासगी झालं," शेजारी बसलेला एदगार्दो म्हणाला. "मंगळवारी डॉक्टरांना सांग."

"मंगळवारी ती माद्रिदला असेल."

"तेही सांग. आणि तुंबा सोड आता, गार होतोय."

त्या दिवशीची नोंद: 'रुग्ण गटात बोलू लागला. लक्षणीय सुधारणा.' शुक्रवारी विमान वेळेवर सुटलं. फोन हातात धरून रुबेन मंगळवारची वाट पाहत बसला.

या प्रकरणात कुणाचीही हयगय आढळली नाही. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. तुम्हीही ऐकलंत, मधे एकदा चुकचुकलातही. लेकीचं नाव काय, हे मात्र आम्ही विचारलं नाही. आणि तुमचंही त्यावाचून कुठे अडलं?