जोडलेली उपकरणं

आईला झोप लागावी म्हणून घरातल्या टीव्हीचा आवाज बंद करायचं ठरलं, आणि ते काम आपसूक कानसेनकडे आलं.

कानसेन हे नाव त्याला लॅबमधल्या सोबत्यांनी ठेवलेलं. तो कवळ्या बनवायचा. दिवसभर खोटे दात घासणाऱ्या यंत्राची किरकिर ऐकून त्याचे कान किटून जायचे आणि संध्याकाळी त्याच कानांचे तो लाड पुरवायचा. इअरबडच्या सहा जोड्या होत्या त्याच्याकडे. कुठल्या जोडीत तंबोऱ्याची तार सुटी ऐकू येते आणि कुठल्या जोडीत नाही, हे तो सांगायला लागला की समोरच्याला हटकून एखादं काम आठवायचं.

"साध्या ब्लूटूथमध्ये गाणं पिळून पाठवतात," काडेपेटीएवढा ट्रान्समीटर टीव्हीला लावत तो बायकोला म्हणाला. "ह्याच्यातून सगळं जसंच्या तसं जातं."

"पिळून जाऊ दे नाहीतर इस्त्री करून जाऊ दे," बायको म्हणाली. "आईंना आवाज नको आणि बाबांना ऐकू आलं पाहिजे. एवढं जमवा म्हणजे झालं."

ते जमलं. आजारी आईची खाट हॉलमध्येच आणून टाकली होती. खाटेला लागून खुर्ची, खुर्चीत बाबा आणि बाबांच्या कानांत कानसेनच्या जुन्या जोडीतले दोन बड. बाबा त्यांना बोंडं म्हणायचे. वर्षभर ऐकू येत नव्हतं तेवढं त्यांना आठ दिवसांत ऐकू यायला लागलं. एकदा मात्र त्यांनी तक्रार केली, "बातम्या देणारी बाई मधेच सारंगी वाजवायला लागली."

कानसेनच्या लगेच लक्षात आलं. ती जोडी ट्रान्समीटरला जोडली असली तरी त्याच्या फोनलाही अजून जोडलेलीच होती. फोनवर काही वाजलं की ते बाबांच्या कानात जायचं. फोनमधल्या यादीतून ती काढून टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. "रविवारी बघतो," तो म्हणाला.

गुरुवारी ताईचा फोन आला.

आईचे रिपोर्ट ताईने तिच्या गावातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवले होते. इथल्या डॉक्टरांनी आशा नाही म्हणून मान हलवली होती, पण दुसऱ्याचं मत घेतल्याशिवाय दोघा भावंडांच्या मनाला पटत नव्हतं. आईबाबांना नुसतं 'यकृताला सूज आहे' एवढंच सांगितलं होतं. कानसेन फोन घेऊन गॅलरीत गेला, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बोल ताई."

पलीकडून काहीच नाही. "ताई? ऐकू येतंय का?" काही नाही. रेंज नसेल म्हणून तो आतल्या खोलीत आला, तिथून जिन्यात आणि हॅलो हॅलो करत दोन मजले उतरला. तिथे एकदम ताईचा आवाज आला, "...म्हणजे साठेक दिवस धरायचे. सांभाळ रे. ठेवते." फोन बंद झाला.

त्याने परत लावला. "ताई, मला शेवटचं सोडून काहीच ऐकू आलं नाही."

"असं काय करतोस? मी सगळं सांगितलं. तू हं हं करत होतास. किती दिवस म्हणून विचारलंससुद्धा."

कानसेन पायरीवरच बसला. बाबांच्या बोंडांना माइकही होता, आणि त्याचा नि बाबांचा आवाज इतका सारखा होता, की फोनवर बायकोचीही फसगत व्हायची.

वर आला तेव्हा बाबा टीव्हीकडे बघत होते. पडद्यावर कुणीतरी भिंत रंगवायची नवी पद्धत दाखवत होतं. आईचे डोळे मिटलेले होते. बाबांनी त्याला खूण केली आणि दोघं मोरीत गेले. बाबांशी गुपित बोलायचं तर ओरडावं लागायचं, म्हणून कानसेनने आधी नळ सोडला.

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "तिला कळता कामा नये. एक बोंड तिच्या कानात होतं, पण झोपली होती. मी बघितलं नीट. हाताची बोटंसुद्धा हलली नाहीत."

"एक बोंड आईच्या कानात?"

"मग? मी एकट्याने काय बघायचं?" बाबांनी तोंडावर पाणी मारलं, पुसलं आणि पुन्हा मारलं.

संध्याकाळी बाबा औषधं आणायला गेले. आईने कानसेनला जवळ बोलावलं. "डोळे मिटले की माणसाला झोप लागते असं ह्यांना चाळीस वर्षं वाटतंय," ती म्हणाली. "मी ऐकलं सगळं. त्यांना सांगू नकोस, खचतील. आणि ताईला म्हणावं, रडायचं असेल तर फोन ठेवून रड. कानात फार घुमतं."

त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढे जे झालं ते त्याला आवरेना. आईने त्याचं डोकं खाटेवर टेकवून घेतलं.

डॉक्टरांचा हिशेब चुकवून आई एक्क्याण्णव दिवस राहिली. रोज संध्याकाळी बाबा स्वतःच्या हाताने एक बोंड तिच्या कानात घालायचे. पुढच्या हिवाळ्यात आपण दोघं समुद्र बघायला जायचं, असं ते तिला सांगायचे. "बॅग लहान घेऊ, तुमचं सामान मीच का उचलायचं?" म्हणून ती भांडायची. ते भांडण अगदी खरं वाटायचं. कानसेन शेजारच्या खोलीत आपले महागडे बड कानात घालून बसायचा. त्यांत काहीही लावलेलं नसायचं.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी बाबा आणि तो गॅलरीत बसले होते.

"एक बरं झालं," बाबा म्हणाले. "तिला शेवटपर्यंत कळलं नाही."

"हो," कानसेन म्हणाला.

बाबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

मग त्याला तेच पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.