हिरामणभाऊंचा इंग्रजी तवा

हिरामणभाऊ कापगते माणसाला गाणी ऐकायला घरी बोलवायचे आणि स्पीकरचं तोंड भिंतीकडे करायचे. आपण ओसरीत सतरंजीवर बसायचं. समोर स्पीकरची लाकडी पाठ, आणि पलीकडे अंगण मधोमध कापणारी मातीची भिंत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, घाईत उलटा ठेवला असेल. सरळ करायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या गुरुजी. आवाज भिताडाले लागते आन् गोल होऊन परत येते. सरळ आवाज कानाले टोचते."

सत्तरच्या दशकात मी लाखांदूरच्या शाळेत बदलून आलो होतो. हिरामणभाऊ तिथल्या धानगिरणीवर मिस्तरी होते. एस. टी. स्टँडवर चहा पिता पिता गिरणीचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग कोरडं पडलं ते सांगायचे, आणि ते तसंच निघायचं. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची गावात कोणाची छाती नव्हती. मीही मुकाट्याने गोल आवाज ऐकू लागलो.

तवा म्हणजे रेकॉर्ड. त्यांच्याकडे एकच होती. नागपूरच्या जुन्या बाजारातून भजनांसाठी म्हणून त्यांनी प्लेअर आणला, तर आत आधीच्या मालकाची रेकॉर्ड राहून गेलेली. इंग्रजी. पहिल्या बाजूला सहा गाणी, दुसऱ्या बाजूला पाच, आणि कव्हरवर केस वाढवलेले चार गोरे, एका घराच्या पायरीवर बसलेले. वाजवून पाहिली आणि भजनं राहिली ती राहिलीच. दुसरी रेकॉर्ड का घेत नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, हीच अजून पुरती समजली नाही.

समजण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तरी प्रत्येक गाण्याआधी ते सुई हातात धरून खड्या आवाजात अर्थ सांगत. अख्खं लाखांदूर ऐकेल एवढ्या खड्या. हे चौघं सख्खे भाऊ, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. एका छपराखाली चार बाप्ये एका कामाला लागलेत म्हणजे भाऊच असणार, दुसरं कोण? मोठा, मधला, तिसरा आणि लहाना. पहिलं गाणं सकाळी बांधावर जायचं. तिसऱ्यात मधल्याचं लग्न ठरतं. ढोलवाला म्हणजे इंजिनचा पट्टा, तो सरकला की सगळं बंद. चौथ्या गाण्यात एक ओरखडा होता, तिथे खरर व्हायचं. ते सुद्धा त्यांच्या हिशेबी गाण्यातलंच होतं. मोठा खाकरतो, म्हणायचे.

नियम एकच. "मधात उठाचं नाही." कोणी उठलंच तर ते सुई उचलत आणि पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू करत. एका रविवारी सरपंच तंबाखू थुंकायला म्हणून तीनदा उठले. त्या दिवशी आमची जेवणं चार वाजता झाली. तेव्हापासून सरपंच येईनासे झाले आणि श्रोत्यांत बहुधा मी एकटाच उरलो.

या नियमाचं कारणही त्यांनी मला दाखवलं होतं. कव्हरच्या मागे एक फोटो होता. बंद खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या, मधे मायक्रोफोन आणि भोवती चौघं. "असा बनला हा तवा. खोलीचं दार लावून. मधात एकही उठला असता तं झाला असता का?"

आता मास्तर माणसाला दुसऱ्याची चूक पाहवत नाही. माझा एक मामेभाऊ नागपूरला, इंग्रजी गाण्यांचा शौकीन. त्याला मी कव्हरचं वर्णन सांगितलं. तो म्हणाला, ते भाऊबिऊ कोणी नाहीत, आणि त्यांचं फाटून तर वर्षं झाली. आता प्रत्येकजण आपापली रेकॉर्ड काढतो. ही माहिती घेऊन मी रविवारी मोठ्या ऐटीत हिरामणभाऊंकडे गेलो आणि सांगून मोकळा झालो.

ते रेकॉर्ड पुसत होते. पुसायचे थांबले. त्यांनी एवढंच विचारलं, "वेगळे होऊन काढलेले तवे चालले का?"

मामेभावाच्या म्हणण्याप्रमाणे एकाचाही चालला नव्हता. मी तेही सांगितलं. त्यांनी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि प्लेअरचं झाकण लावलं.

त्या रविवारी गाणी झाली नाहीत. पुढच्या रविवारीही झाली नाहीत. वहिनींनी मला दाराशीच गाठलं आणि काय बोललात म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसल्या आणि जे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. हिरामणभाऊही चार भावांतले, सगळ्यांत लहान. वाटणीच्या दिवशी चौघं शेवटचे एका पंगतीला बसले होते. बांधावरून बोलाचाली झाली आणि थोरले, दशरथदादा, अर्ध्या ताटावरून उठून गेले. आठवड्यात अंगणात भिंत उभी राहिली. मधले दोघं जमिनी विकून गोंदियाला गेले. दादा भिंतीपलीकडे राहतात. बारा वर्षं झाली, दोघांत शब्द नाही.

मी स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या.

दोन दिवसांनी स्टँडवर एक उंच म्हातारा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. दशरथदादा. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाले, "गुरुजी, त्याचा बाजा बिघडला का? दोन आइतवार झाले."

मी म्हटलं, बाजा चांगला आहे, माणूस बिघडला.

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मी खाट भिताडापाशीच टाकतो. शेवटचं गाणं लहाना एकटाच म्हणते ना, ते झाल्यावर जेवतो. आता जेवाले वेळच सापडून नाही राहिली."

मी म्हटलं, मग हे त्यालाच सांगा. बस आली आणि ते चढले.

रविवारी मी नेहमीच्या वेळी गेलो. हिरामणभाऊ ओसरीत नुसते बसले होते. थोड्या वेळाने फाटक वाजलं. दादा आले, चपला काढल्या आणि सतरंजीवर बसले. वहिनी पदर सावरत आत पळाल्या. हिरामणभाऊ उठले. रेकॉर्ड काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि लावली. मग वाकून त्यांनी स्पीकर उचलला आणि त्याचं तोंड ओसरीकडे केलं.

गाण्यांचे अर्थ काही त्यांनी त्या दिवशी सांगितले नाहीत. खरं सांगायचं तर सरळ आवाज चांगलाच टोचत होता. चौथ्या गाण्यात खरर झालं, तेव्हा दादाही खाकरले. हिरामणभाऊंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, मला कळेना, आणि माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

बाजू बदलली. दुसऱ्या गाण्याला मी हळूच उठलो आणि चपला पायात सरकवल्या. हिरामणभाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

सुई त्यांनी उचलली नाही.